मुलांच्या तळपायाची सालं निघतात? आधी बेचक्या पाहा

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा ७ वर्षांचा. गेले ६ महिने दोन्ही तळपाय पुढच्या बाजूने लाल आणि चकचकीत झालेत. अंगठ्याखाली भेगा पडतात, सालं निघतात, पळताना दुखतं. बुरशीची ३ मलमं लावून झाली, फरक नाही. त्यातच १४ महिन्यांच्या धाकट्या बहिणीच्या तळहातांवर आणि तळपायांवर गेल्या महिन्यात पुटकुळ्या उठल्या, बसल्या, आणि आता पुन्हा उठल्यात. आई विचारतात: दादाची बुरशी हिला लागली का? कॅल्शियम कमी पडतंय का? आणि मुलाला शाळेत पाठवायचं की नाही?

कॅल्शियमचं आधी संपवते. तळव्यांची सालं निघण्याचा आणि कॅल्शियमचा संबंध नाही. इतक्या वर्षांत कॅल्शियमच्या गोळ्यांनी तळपाय बरा झालेला मी पाहिलेला नाही. पोषणाशी नातं जोडायचंच असेल तर ते झिंकशी जोडता येईल, पण त्याचं चित्र वेगळं असतं. हातापायांसोबत तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी लालभडक, खपल्यांचे चट्टे, सोबत जुलाब आणि विरळ होत जाणारे केस. खेळणाऱ्या, पळणाऱ्या मुलाचे नुसते तळपाय सोलवटले तर त्यामागे झिंक नसतं.

आता मुलाकडे वळू. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात उपयोगी पडलेला शब्द 'चकचकीत' हा आहे. बुरशीने पाय चकचकीत होत नाही. बुरशी झालेला पाय एकतर बोटांच्या बेचक्यांत पांढरा, भिजल्यासारखा, ओलसर दिसतो, नाहीतर टाचेपासून कडेपर्यंत पिठासारखा कोरडा कोंडा धरतो. आज रात्री मुलाला उजेडात बसवा आणि पायाची करंगळी व तिच्या शेजारचं बोट फाकवून मधली बेचकी नीट पाहा. पायाच्या बुरशीचं हे सगळ्यात आवडतं ठिकाण. ती जागा स्वच्छ असेल, दोन्ही पाय जवळपास सारखेच दिसत असतील, त्रास तळपायाच्या पुढच्या भागावर आणि अंगठ्याच्या खालच्या बाजूला असेल, आणि पायाचा मधला खोलगट भाग सुटला असेल, तर हे बहुतेक जुवेनाइल प्लांटर डर्मॅटोसिस आहे. नाव लांबलचक आहे, गोष्ट साधी आहे. घामट मोज्यांचा आजार म्हटलं तरी चालेल. साधारण ३ ते १४ वर्षांच्या मुलांत तो दिसतो. ज्यांना लहानपणी इसब होतं, दमा किंवा सारखी सर्दी-शिंका असतात, त्यांच्यात जास्त.

होतं काय, ते समजलं की उपचार आपोआप कळतो. मुलांचे पाय भरपूर घामतात. आतून कृत्रिम अस्तर असलेल्या बुटात तो घाम अडकतो आणि तळपायाची वरची कातडी पाणी पिऊन फुगते. फुगलेली कातडी बुटात घासली जाते. मग घरी आल्यावर बूट काढले, मोजे भिरकावले, उघड्या पायांनी घरभर फिरलं, की तीच कातडी झपाट्याने वाळते, आक्रसते आणि तडकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नुसता ओलावा किंवा नुसता कोरडेपणा इतका त्रास देत नाही. ओलं-कोरडं-ओलं हे चक्र कातडी फाडतं. या सगळ्यात बुरशी नाहीच, म्हणून बुरशीच्या मलमाने काही होत नाही.

उपचाराचा गाभा एका मिनिटात मावतो, आणि ते मिनिट बूट काढल्यानंतरचं असतं. बूट-मोजे निघाले की पाय टिपून घ्यायचे आणि ओलसरपणा जायच्या आत पेट्रोलियम जेली किंवा तसंच कुठलंही घट्ट, तेलकट, बिनवासाचं मलम चोळायचं. पातळ लोशन नको, त्यात पाणी जास्त असतं आणि भेगांवर ते चुरचुरतं. रात्री झोपताना पुन्हा एकदा, वरून सुती मोजे. दिवसा मोजे घाम टिपणारे हवेत आणि जमल्यास शाळेत मधल्या सुट्टीत एक जोडी बदलावी. बूट कातडी किंवा कापडी, पायाला सैलही नाहीत आणि घट्टही नाहीत, कारण सैल बुटात घर्षण वाढतं. दोन जोड आलटून पालटून वापरले तर प्रत्येक जोडाला वाळायला पूर्ण एक दिवस मिळतो. घरी आणि सुट्टीत उघड्या चपला. लालसरपणा आणि खाज फार असेल तेव्हा मध्यम ताकदीचं स्टिरॉइड मलम डॉक्टर थोडे दिवस देतात, पण खरं सांगायचं तर या आजारात त्याचा उपयोग बेताचाच. बुटाची सवय बदलल्याशिवाय कुठलंच मलम टिकत नाही. खोल भेग दुखत असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावून कडा जवळ आणल्या की चालणं लगेच सुसह्य होतं.

फरक पडायला काही आठवडे लागतील. मध्ये पुन्हा डोकं वर काढेल, तेव्हा घाबरू नका. वयात येईपर्यंत अधूनमधून होत राहतं आणि मग बहुतेक मुलांत आपलं आपण थांबतं. संसर्गजन्य नाही. शाळेत खुशाल पाठवा, खेळूही द्या.

तुम्ही लावलेल्या ३ मलमांबद्दल मात्र मला काळजी आहे. नळ्यांवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बुरशीच्या औषधाच्या जोडीला क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलं असेल, तर ते मिश्र मलम आहे आणि त्यातला दुसरा भाग स्टिरॉइडचा आहे. ही मिश्रणं मुलांना लावू नयेत असं माझं ठाम मत आहे. पहिल्या ४ दिवसांत लाली उतरते, आईला वाटतं गुण आला. प्रत्यक्षात बुरशी नसेल तर कातडी पातळ होत जाते. बुरशी असेल तर तिच्याशी लढणारी सूज दबते आणि बुरशी निवांत पसरते. नायट्याची ती ओळखीची गोल कडाही पुसली जाते, आणि मग पाहणाऱ्या डॉक्टरलाही ओळख पटत नाही.

बुरशी मुलांना होतच नाही असं मात्र नाही. वयात येण्याआधी पायाची बुरशी कमी दिसते, आणि दिसली तर घरातल्या मोठ्या माणसाच्या पायाकडे आणि नखांकडे आधी पाहावं. ती बहुधा एका पायावर सुरू होते. शंका असेल तर सोपी तपासणी आहे. कडेची थोडी साल खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, काही मिनिटांचं काम. मलम चालू असताना केली तर निकाल फसवा येऊ शकतो.

एक तिसरी शक्यताही सांगून ठेवते: बुटाची ॲलर्जी. कातडं कमावताना वापरलेलं क्रोमियम, रबर बनवताना वापरलेली रसायनं, गोंद यांनी ती होते. पण ती बहुधा पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या पाठीवर, बुटाचा पुढचा भाग जिथे टेकतो तिथे उमटते. जागेवरूनच बरंच काही कळतं: बेचकीत बुरशी, पावलाच्या वर बुटाची ॲलर्जी, पुढच्या तळव्यावर घाम.

आता धाकटी. तिला दादाचं काही लागलेलं नाही, कारण दादाचं लागणारं नाहीच. पण १४ महिन्यांच्या बाळाच्या तळव्यांवर पुटकुळ्या उठून, बसून पुन्हा उठल्या, हे मला मुलाच्या पायांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. इथे तीन गोष्टींचा विचार करावा लागतो.

पहिली, हँड-फूट-माउथ. ५ वर्षांखालच्या मुलांत ती फार दिसते. १९५७ साली टोरोंटोतल्या साथीनंतर तिची पहिली नीट नोंद झाली. कारण एंटेरोव्हायरस गटातले विषाणू, त्यातही कॉक्सॅकी ए१६ जास्त. जनावरांच्या तोंडखुरीशी तिचा काही संबंध नाही, नावं सारखी आहेत इतकंच. एकदोन दिवस ताप, तोंडात फोड, मूल खायला-प्यायला नकार देतं, आणि तळहात-तळपायांवर लंबगोल, राखाडी मध्य आणि लाल कड असलेले फोड येतात. कुल्ल्यांवर आणि गुडघ्यांवरही येऊ शकतात. खाज फारशी नसते, कधी दुखतात. ७ ते १० दिवसांत उतरतं. प्रतिजैविकाचं इथे काम नाही. तापाला पॅरासिटामॉल, थंड मऊ पदार्थ आणि घोट घोट पाणी. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. बाळाने ८ तास लघवी केली नाही, सारखी उलटी होते, झोपेत वारंवार दचकतं, अंगाला झटके येतात, गुंगी वाटते, किंवा ताप ३ दिवसांनंतरही हटत नाही, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. विषाणू शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून लंगोट बदलल्यावर साबण-पाण्याने हात धुवा. अल्कोहोलचा सॅनिटायझर या विषाणूवर तितका चालत नाही.

या आजाराची एक गंमत अशी, की तो गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी आई पुन्हा येतात, कारण बाळाची नखं मुळापासून सुटायला लागलेली असतात. तापाच्या दिवसांत नखाची वाढ थबकते, तिथूनच नख सुटतं. तळव्यांची सालंही निघतात. खालून नवीन नख येत असतं, त्याला काही लावायचं नाही.

पण तुमच्या मुलीला ताप आणि तोंडातले फोड होते असं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून मी दुसरीकडे वळते. खरूज. मोठ्यांची खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती असते. बाळाची मात्र तळहात, तळपाय, काखा आणि कधी डोक्यावरही. त्यामुळे ती चटकन ओळखू येत नाही. त्वचेत बोगदे करून राहणारा हा किडा एका माणसाच्या अंगावर सरासरी १० ते १५ एवढाच असतो. खाज उठते ती किड्याच्या, त्याच्या अंड्यांच्या आणि विष्ठेच्या ॲलर्जीने. म्हणूनच पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तोवर ती घरभर पसरलेली असते. तेव्हा स्वतःला विचारा: घरात रात्री कोण खाजवतंय? बाळाला सांभाळणारं कुणी? अनेकदा आई म्हणते 'कुणीच नाही', आणि बोलता बोलता स्वतःचंच मनगट खाजवत असते.

खरूज निघालीच तर ५ टक्के पर्मेथ्रिन मलम. ते २ महिन्यांवरच्या बाळाला चालतं. रात्री मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, बाळाला टाळू आणि चेहऱ्यावरही (डोळे आणि तोंड सोडून), ८ ते १२ तास ठेवून सकाळी धुवायचं. बाळ हात तोंडात घालतं, म्हणून रात्री हातात मोजे घाला. ७ दिवसांनी पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. उपचार फसण्याचं नेहमीचं कारण औषध कमजोर पडणं हे नसतं. घरातल्या एकाने 'मला काही नाही' म्हणून लावलेलं नसतं. त्याच दिवशी अंगावरचे आणि अंथरुणातले कपडे गरम पाण्यात धुवा. धुता न येणारे पिशवीत घट्ट बांधून ३-४ दिवस ठेवा, माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त तगत नाही. आणि हे लक्षात ठेवा: किडे मेल्यावरही खाज २ ते ४ आठवडे राहते. ती राहिली म्हणून पर्मेथ्रिन रोज चोळू नका, त्याने त्वचा जळजळते आणि नवीनच खाज सुरू होते. फोडांत पू झाला असेल तर तो वेळेत बरा करा. त्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. अशा मुलाचा चेहरा सकाळी सुजला किंवा लघवी लालसर झाली तर लगेच दाखवा.

तिसरी शक्यता हिच्याशी जोडूनच येते. सुरुवातीच्या वर्षांत एका बाळाला मी लागोपाठ ३ वेळा खरजेचं औषध दिलं होतं. दर वेळी पुटकुळ्या बसायच्या, मला बरं वाटायचं, आणि ३ आठवड्यांनी त्या पुन्हा उठायच्या. आई-वडिलांच्या अंगावर काहीच नव्हतं. अखेर एक पुटकुळी खरवडून पाहिली, तर किडा नाही, अंडं नाही, नुसत्या पांढऱ्या पेशी. त्याला बालवयातली ॲक्रोपस्ट्युलोसिस म्हणतात. तळहात, तळपाय आणि बोटांच्या कडांवर फार खाजणाऱ्या, पू भरल्यासारख्या दिसणाऱ्या पुटकुळ्यांची लाट येते, एक-दोन आठवडे टिकते, जाते, आणि २ ते ४ आठवड्यांनी परत येते. पू दिसला तरी जंतू नसतात. बरेचदा आधी खरूज होऊन गेलेली असते आणि शरीर त्या आठवणीने चिडलेलं राहतं, म्हणूनच फसायला होतं. लाट आली की थोडे दिवस स्टिरॉइड मलम आणि खाजेचं औषध, डॉक्टरांच्या सांगण्याने. लाटांमधलं अंतर वाढत जातं आणि २-३ वर्षांच्या वयापर्यंत त्या थांबतात. तुमच्या मुलीचं हे असण्याची शक्यता मला बरीच वाटते, पण खरूज नाही हे पाहून झाल्याशिवाय तसं म्हणायचं नाही.

हातांबद्दल थोडं, कारण तळपायांमागोमाग त्यांचा प्रश्न येतोच. उन्हाळ्यात काही मुलांच्या तळहातांवर हवा भरल्यासारखे कोरडे, पांढरे गोल दिसतात, ते फुटतात आणि पातळ साल निघते. खाज नाही, दुखत नाही. कॅल्शियमची बाटली बहुतेक यांच्याच घरी आलेली असते. त्याला साबण कमी आणि मलम जास्त, एवढं पुरतं. बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे खोलवर बसलेले, भयंकर खाजणारे दाणे आले तर ते इसब आहे, त्याला डॉक्टर लागतील. एकाच अंगठ्यावर चट्टा असेल तर मूल तो चोखतं का, हे विचारून पाहा. तळपायावरची चामखीळ कुरूप समजून कापू नका. मुलांना कुरूप फारसं होत नाही. चामखिळीवर काळे ठिपके असतात, ती दोन बाजूंनी चिमटीत धरली की दुखते. बऱ्याच चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात.

आणि काही वेळा तळवे आतली बातमी सांगतात. मुलाला ५ दिवस किंवा त्याहून जास्त ताप, चिकटा न येता लाल झालेले डोळे, लाल फाटलेले ओठ, दाणेदार लाल जीभ, अंगावर पुरळ, मानेत गाठ, आणि हात-पाय लाल होऊन सुजलेले, अशी लक्षणं जमत असतील तर कावासाकी आजाराचा विचार तातडीने करावा लागतो. बाळांत ही सगळी लक्षणं दिसतीलच असं नाही. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली ५० मुलांची नोंद प्रसिद्ध करून तो जगासमोर आणला. यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात. उपचार न मिळालेल्या सुमारे चौथाई मुलांत त्या फुगतात. ताप सुरू झाल्यापासून १० दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) दिलं तर हा धोका बराच उतरतो. नखांच्या कडेपासून निघणारी सालं या आजारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतात, म्हणजे सालांची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. स्कार्लेट फीव्हरनंतरही (स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे येणारा, अंगावर लाल पुरळ उठवणारा ताप) बोटांची सालं निघतात, म्हणून सालं दिसली की मी आधी गेल्या महिन्यातला ताप विचारते.

आणखी दोनच. तान्हेपणापासून तळहात-तळपाय जाड, पिवळट, टणक असतील तर ते आनुवंशिक असतं. अशा मुलाचे दात मी नेहमी पाहते, कारण त्यातल्या एका प्रकारात हिरड्या सुजून दुधाचे दात ४-५ वर्षांच्या वयातच पडतात. आणि मूल चालायला लागल्यावर, नुसत्या चालण्याने तळपायाला पाण्याचे फोड येत असतील, तर बूट चावला म्हणून सोडून देऊ नका, त्वचेचे थर घट्ट न चिकटण्याचा जन्मजात आजार तपासावा लागतो.

दोघांनाही एकाच खेपेला दाखवा. जाण्याआधी ८-१० दिवस बुरशीचं मलम थांबवा, नुसती पेट्रोलियम जेली चालेल. लावलेल्या तिन्ही नळ्या सोबत न्या. मुलीच्या पुटकुळ्या नेमक्या दवाखान्यात जायच्या दिवशी बसलेल्या असतात, म्हणून उठतील त्या दिवशीच उजेडात फोटो काढा, तारखेसह. घरात कुणाला खाज असेल तर त्यांनाही तपासायला सोबत न्या. आणि मुलाचे रोजचे शाळेचे बूट-मोजे घालूनच त्याला न्या, त्या दिवसासाठी नवे किंवा धुतलेले नकोत.